जोडेघाटचे संग्रहालय आणि विखुरलेला गोंडी ठेवा

संग्रहालय म्हटले की मोठ्या शहरातील दगडी इमारत, काचेची कपाटे आणि राजेरजवाड्यांच्या तलवारी असे चित्र सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. जोडेघाट येथील आदिवासी संग्रहालय या कल्पनेत बसत नाही. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यात असलेले व २०१६ सालच्या पुनर्रचनेनंतर कुमरम भीम असिफाबाद जिल्ह्यात गेलेले हे गाव केरामेरीच्या डोंगरभागात आहे. तेथे जे जीवन प्रतिमांच्या रूपाने मांडले आहे, ते आसपासच्या गूड्यांतून प्रत्यक्ष जगले जात आहे.

या जागेची निवड सहज झालेली नाही. निजामी राजवटीत राखीव जंगलांची वाढ, चराईवरील कर आणि बाहेरून आलेल्यांच्या नावे होणाऱ्या जमिनी यांमुळे गोंड व कोलाम शेतकरी हवालदिल झाले होते. त्यांचे नेतृत्व करणारे कुमरम भीम १९४० साली जोडेघाट येथेच पोलिसांच्या गोळीबारात सहकाऱ्यांसह मारले गेले. आश्विन पौर्णिमेला त्यांची पुण्यतिथी पाळली जाते. ती इंग्रजी तारखेने न पाळता तिथीनेच पाळण्याचा लोकांचा आग्रह आहे. २०१६ साली येथे स्मारक व संग्रहालय खुले झाले, आणि हुतात्म्याचे स्मरण व त्याच्या समाजाचा परिचय यांची एका ठिकाणी सांगड घातली गेली.

संग्रहालयातील प्रतिमांतून आदिवासींचे सण, देवकार्ये व नित्याचे व्यवहार दाखविले आहेत. येथे एक प्रश्न उपस्थित होतो. गुसाडीचा मोरपिसांचा मुकुट पाहुण्याला शोभेची वस्तू वाटतो. गोंडाच्या दृष्टीने तो देवाचा आहे. दिवाळीच्या सुमारास दंडारीचे मेळे गावोगाव निघतात, तेव्हा अंगाला राख फासलेले, खांद्यावर कातडे घेतलेले गुसाडी व्रतस्थ राहून नाचतात. मुकुट बाहेर काढताना पूजा होते व परत ठेवतानाही होते. ही माहिती मुकुटाशेजारच्या दोन ओळींच्या पाटीवर मावणारी नव्हे. ती सांगावयास मार्लावाईसारख्या गावातील जाणता माणूसच हवा. अनेक तरुणांना गुसाडी नृत्य शिकविणारे मार्लावाईचे कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ते निवर्तले.

ओझा कारागिरांच्या पितळी कामाचेही असेच आहे. उशेगाव येथील कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक दोर गुंडाळून आकृती घडवितात. त्यावर मातीचा लेप देऊन साचा तापविला की मेण वितळून वाहून जाते आणि त्या पोकळीत पितळेचा रस ओततात. साचा फोडल्याशिवाय मूर्ती हाती येत नाही, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते. या कामाला आदिलाबाद डोक्रा या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मूर्ती कपाटात ठेवता येते. परंतु मेण किती मऊ ठेवावे हे ज्ञान कपाटात ठेवण्याची सोय अद्याप निघालेली नाही!

या प्रदेशाचा सर्वांत मोठा चित्रसंग्रह मात्र जोडेघाटपासून फार दूर आहे. भीम यांच्या मृत्यूनंतर असंतोषाची कारणे जाणून घेण्यासाठी निजाम सरकारने ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेंडॉर्फ यांना या भागात पाठविले. पत्नी बेटी यांच्यासह ते मार्लावाईत झोपडी बांधून राहिले. १९४३ साली तेथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. त्या केंद्राची गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत छापण्यात आली, ही बाब मराठी वाचकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. हैमेंडॉर्फ १९९५ साली लंडन येथे वारले. २०१२ साली त्यांच्या अस्थी मार्लावाईत पत्नीच्या समाधीजवळ आणून ठेवण्यात आल्या. त्यांनी भारत व नेपाळमध्ये घेतलेली हजारो छायाचित्रे व चित्रफिती लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत जतन केलेल्या आहेत. त्यांतील बरीच छायाचित्रे आता संगणकावर कोणासही पाहता येतात.

खरी अडचण पुढेच आहे. छायाचित्रातील वस्तूचे नाव तज्ज्ञ सांगू शकेल. पण ही वृद्धा कोणत्या घरची, हा किकरी वाजविणारा परधान कोणत्या कुळाची गाथा गातो, हे त्या गावची जुनी माणसेच सांगू शकतात. १९४० च्या दशकात दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या घरात आहे. हे काम उद्यावर टाकता येणार नाही.

असे काम उशिरा का होईना सुरू झाले तर काय घडते, याचे उदाहरण नारनूर मंडलातील गुंजाळा या गावाचे आहे. तेथे एका स्वतंत्र गोंडी लिपीतील हस्तलिखिते हैदराबाद विद्यापीठाच्या अभ्यासकांना आढळली, तेव्हा ती वाचू शकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच वृद्ध उरले होते. त्यांच्या साहाय्याने वर्णमाला निश्चित झाली, वाचनपाठ तयार झाले, आणि २०१८ साली या लिपीला संगणकाच्या जागतिक युनिकोड प्रणालीत स्थान मिळाले. तेवढे वृद्धही हयात नसते, तर गुंजाळाची पाने केवळ पाहण्यापुरती उरली असती.

शाळेची सहल जोडेघाटला नेणाऱ्या शिक्षकांनी म्हणूनच एक गोष्ट करण्यासारखी आहे. निघण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी घरातील आजी-आजोबांना वस्तूंची गोंडी, कोलामी व मराठी नावे विचारून वहीत उतरून घ्यावीत आणि संग्रहालयातील पाट्यांशी ती ताडून पाहावीत. पाटीवरील नाव चुकीचे वाटल्यास ते संग्रहालयातील कर्मचाऱ्यांच्या नजरेस आणावे. जुन्या छायाचित्रांच्या मोठ्या प्रती काढून गावच्या चावडीत किंवा शाळेत लावल्या तर वृद्धांना प्रवासाचे कष्टही पडणार नाहीत.

याहून मोठी संधी केसलापूरच्या नागोबा जत्रेत मिळते. पौष अमावस्येला मेस्राम कुळाचे लोक गोदावरीचे पाणी पायी आणून नागोबाची पूजा करतात. नव्या सुनांची देवाशी भेट घडविली जाते आणि अधिकाऱ्यांपुढे गाऱ्हाणी मांडण्याचा दरबारही भरतो. चंद्रपूर, यवतमाळ, गडचिरोलीकडील गोंड कुटुंबेही तेथे येतात. १९५६ साली राजुरा व किनवट हे तालुके आदिलाबादमधून निघून मुंबई राज्यात गेले, तरी नातीगोती सीमेच्या दोन्ही बाजूंस राहिली. त्यामुळे मार्लावाईच्या एखाद्या छायाचित्रातील माणसाची ओळख राजुऱ्याकडील आजीला पटण्याचा पुष्कळ संभव आहे. जत्रेत एका मांडवात ही चित्रे लावून शेजारी वही व लिहून घेणारा कोणी बसविला, तर यासाठी वेगळ्या खर्चाची फारशी गरज भासणार नाही.