पाटीवरचे हॉर्सपॉवर आणि कारखान्यातले हॉर्सपॉवर

मोटार जळाली, माग उचलत नाही, कॉम्प्रेसरची हवा पुरत नाही, सायझिंगला जळण जास्त लागते. लहान कारखानदारांच्या बैठकीत या तक्रारी रोज ऐकू येतात. त्यावर उपायही ठरलेले असतात. जळालेली मोटार रिवाइंडिंगला टाकायची आणि पुन्हा जळाली की एक हॉर्सपॉवरच्या जागी दोनची बसवायची. कॉम्प्रेसर कमी पडला की कर्ज काढून मोठा घ्यायचा. सुतात दोष निघाला नाही तर विणकरावर रागवायचे. यात पैसा जातो, दिवस जातात आणि चार महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा दारात येते.

याचे कारण असे की, आपण यंत्राकडे पाहतो, पण ते यंत्र ज्या परिस्थितीत राबते तिच्याकडे पाहत नाही. तारेत किती व्होल्ट येतात, शेडमध्ये किती उष्णता आहे, हवेत ओलावा किती, धूळ किती, पाणी गोडे की क्षारयुक्त, यावर यंत्राचे काम अवलंबून असते. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील यंत्रमागधारकांनी आणि शहरोशहरीच्या गॅरेज, फर्निचर व रंगकामाच्या कारागिरांनी हा विषय नीट समजून घेतला, तर नवे यंत्र न घेताही बरीच बचत होऊ शकते.

पाटी काय सांगते?

प्रत्येक मोटारीवर पत्र्याची लहान पाटी असते. तिच्यावरचे हॉर्सपॉवर खरे असते, पण ते ठरावीक परिस्थितीपुरते. मोटारीच्या बाबतीत सामान्यतः भोवतालची हवा ४० अंश सेल्सिअसपर्यंत आणि जागेची उंची समुद्रसपाटीपासून १००० मीटरपर्यंत धरलेली असते. व्होल्टेज पाटीवर लिहिलेले म्हणजे बहुधा ४१५ व्होल्ट असावे लागते. कॉम्प्रेसरची हवा मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात आत येणारी हवा २० अंशांची व कोरडी मानतात. डिझेल इंजिनाची ताकद मोजताना २५ अंश धरतात.

आता मालेगावातील मे महिन्याची दुपार डोळ्यांसमोर आणा. बाहेरचा पारा ४२-४३ अंशांवर, पत्र्याच्या छपराखाली त्याहून अधिक, आणि तारेत येणारे व्होल्टेज कमी. पाटीवरचा करार आपल्याच शेडमध्ये मोडलेला असतो. मग यंत्राने पाटीप्रमाणे काम द्यावे अशी अपेक्षा कशी धरता येईल?

व्होल्टेज थोडे घटते, ताकद फार घटते

मोटारीची ओढण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे व्होल्टेज १० टक्के कमी झाले तर ताकद १० टक्के नव्हे, १९ टक्के कमी होते. ४१५ ऐवजी ३७० व्होल्ट मिळाले तर सुमारे ८० टक्के ताकद उरते. ३५० व्होल्टवर ती ७१ टक्क्यांवर येते.

मागाला याचा फटका सर्वांत आधी बसतो. ज्या मागावर हँडल ओढताच मोटार सुरू होते, तेथे पहिल्याच फेरीला पूर्ण वेग लागतो. ताकद कमी पडली की पहिला फटका हलका बसतो आणि कापडावर आडवी पट्टी उमटते. कधी धोटा ताण्याच्या मध्येच अडकतो आणि एका झटक्यात शेकडो धागे तुटतात. त्या धाग्यांची जोडणी करण्यात अर्धा दिवस गेला की त्या दिवसाची मजुरी बुडालीच.

दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. भार तोच आणि व्होल्टेज कमी असेल तर मोटार जास्त करंट खेचते. वायंडिंगमधील उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून करंट थोडा वाढला तरी तापणे बरेच वाढते.

व्होल्टेज कमी असण्याचा दोष दर वेळी वीज कंपनीचाच असतो असे नाही. मीटरजवळ ४१० व्होल्ट असतात आणि शेवटच्या मागापाशी ३९० उरतात. मधले २० व्होल्ट आपल्याच बारीक तारेत, सैल जोडणीत आणि काळ्या पडलेल्या स्विचमध्ये उष्णतेच्या रूपाने जळतात, आणि त्याचे बिल आपणच भरतो. सगळे माग चालू असताना मीटरपाशी व मोटारीपाशी व्होल्टेज मोजावे. दोन्हींत १२ व्होल्टपेक्षा, म्हणजे ३ टक्क्यांपेक्षा जास्त फरक आढळला तर आधी वायरिंग दुरुस्त करावे.

तीन फेजमधील व्होल्टेज सारखे नसणेही तितकेच घातक. समजा तीन फेजमध्ये ४१५, ४०५ आणि ३९२ व्होल्ट आहेत. सरासरी ४०४ झाली आणि सर्वांत मोठा फरक १२ व्होल्टचा, म्हणजे ३ टक्के. जाणकारांचा ठोकताळा असा की, या टक्क्यांचा वर्ग करून दुप्पट करावी, तितके टक्के मोटारीचे तापणे वाढते. येथे ३ चा वर्ग ९, त्याची दुप्पट १८. केवळ ३ टक्क्यांच्या असमतोलाने तापणे १८ टक्क्यांनी वाढले! कारखान्यातील सगळे दिवे, पंखे, कांडी मशीन एकाच फेजवर टाकले की असे होते. हे भार तिन्ही फेजवर वाटून द्यायला वायरमनची एका दिवसाची मजुरी लागते.

उष्णता आणि रुईचा भुरा

वायंडिंगच्या तारेवरील इन्सुलेशनचे आयुष्य उष्णतेवर ठरते. तापमान सहन करण्याच्या मर्यादेपेक्षा दर १० अंश चढले की ते आयुष्य साधारण निम्मे होते, हा या धंद्यातील जुना ठोकताळा आहे. दहा वर्षे चालायची मोटार पाच वर्षांत जाते. आणखी १० अंश वाढले तर अडीच वर्षांत.

मोटारीच्या अंगावरच्या उभ्या पट्ट्या व मागचा पंखा तिला थंड ठेवण्यासाठी असतो. मागाच्या शेडमध्ये रुईचा भुरा तेलात मिसळून त्या पट्ट्यांवर गोधडीसारखा बसतो. भर उन्हाळ्यात गोधडी पांघरून काम करणाऱ्या माणसाची जी गत होईल, तीच मोटारीची होते. आठवड्यातून एकदा मोटार बंद करून कोरड्या ब्रशने भुरा काढावा आणि पंख्याच्या जाळीसमोर पोते, बॉबिनची टोपली ठेवू नये. याला एक पैसाही लागत नाही.

मोठी मोटार हा इलाज नाही

एकची मोटार जळते म्हणून दोनची बसवणे हा रोगावर औषध देण्याऐवजी खाट बदलण्याचा प्रकार आहे. मोटार पूर्ण भाराच्या पाऊणपट ते पूर्ण भारावर चांगली चालते. भार निम्म्याहून बराच खाली गेला की तिची कार्यक्षमता घसरते आणि पॉवर फॅक्टर तर फारच पडतो. व्होल्टेज कमी असण्याचे मूळ कारण तसेच राहते. वर पॉवर फॅक्टर पडल्यामुळे तारांतून जास्त करंट वाहतो आणि व्होल्टेज आणखी उतरते. एकाच शेडमधील दहा मागांवर असे केले तर अकराव्या मागाच्या मोटारीलाही झळ बसते.

विणकराच्या माथी मारलेला दोष

यंत्राच्या कामावर हवेतील ओलाव्याचा परिणाम होतो, हे सुती कापड विणणाऱ्याइतके कोणालाच जवळून दिसत नाही. कापसाच्या धाग्यात ओलावा असला की तो अधिक मजबूत व लवचिक राहतो. सुती विणाईच्या शेडमध्ये ७५ ते ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता असावी असे मानतात. खानदेश आणि मालेगावच्या पट्ट्यात एप्रिल-मेच्या दुपारी ती बाहेर २०-२५ टक्क्यांच्या आसपास येते. अशा कोरड्या हवेत धागा कडक होतो, सायझिंगची खळ ठिसूळ होऊन झडते आणि ताण्याचे धागे पटापट तुटतात. भुराही जास्त उडतो.

साध्या मागावर धागा तुटताच माग थांबवणारी सोय बहुधा नसते. चार, सहा, आठ माग सांभाळणारा विणकर दुसऱ्या मागावर गुंतलेला असतो आणि इकडे दोष विणला जातो. व्यापारी तो माल पाहून पैसे कापतो, कारखानदार विणकराची मजुरी कापतो. सकाळी आठ वाजता जो माणूस स्वच्छ कापड काढतो, तोच दुपारी तीन वाजता निष्काळजी कसा होतो, याचा विचार कोणी करत नाही. त्या सात तासांत बदललेली असते ती हवा. मजुराची कमाई कापण्यापूर्वी आपल्या शेडची हवा मोजणे ही व्यवहाराची आणि इन्साफाचीही गोष्ट आहे.

भिंतीवर टांगायचे आर्द्रतामापक स्वस्तात मिळते. कोरड्या हवेच्या दिवसांत बारीक तुषार सोडणारा ह्युमिडिफायर, खिडक्यांवर ओले वाळ्याचे पडदे, छपराला पांढरा रंग व आतून छत हे उपाय करता येतात. पाण्याची वाफ होताना हवा थंड होते, म्हणून याचा फायदा मोटारीलाही मिळतो. मात्र तुषार स्टार्टर व स्विचवर पडू देऊ नयेत. भिवंडीसारख्या खाडीकाठच्या गावात पावसाळ्यात हवा मुळातच ओली असते, तेथे पाणी फवारण्यात अर्थ नाही. पॉलिस्टरच्या धाग्याची ताकद ओलाव्याने फारशी बदलत नाही, पण कोरड्या हवेत त्यावर स्थिर वीज साचते व धागे एकमेकांना चिकटतात. व्हिस्कोस तर ओले झाले की कमजोर होते. म्हणून आपण कोणते सूत चालवतो ते पाहूनच ओलावा ठरवावा.

गॅरेज आणि रंगकामाचा कॉम्प्रेसर

कॉम्प्रेसर पुष्कळदा दुकानाच्या मागच्या कोंदट कोपऱ्यात ठेवलेला असतो. स्वतःच सोडलेली गरम हवा तो पुन्हा आत घेतो. हवा २० अंशांवरून ४५ अंशांवर गेली की ती सुमारे ८ टक्के विरळ होते, म्हणजे तितकीच हवा कमी भरते. आत येणाऱ्या हवेचे तापमान दर ४ अंशांनी वाढले की विजेचा खर्च सुमारे १ टक्का वाढतो असे धरतात. हवा घेण्याचा पाइप सावलीच्या बाजूने भिंतीबाहेर काढणे आणि फिल्टर वेळेवर साफ करणे एवढ्याने हा खर्च वाचतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे ६ टक्के कमी असतो, म्हणून तोच कॉम्प्रेसर तेथे थोडी कमी हवा देतो.

गळती हा दुसरा चोर. ७ बार दाबावर १ मिलिमीटरचे छिद्र सुमारे ०.३ किलोवॅट वीज खाते. रोज १० तास आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर ७८ युनिट झाले. ३ मिलिमीटरचे छिद्र त्याच हिशेबाने ७०० युनिटच्या घरात जाते! जोडणीवर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे गळती दाखवून देतात. गरजेपेक्षा १ बार दाब जास्त ठेवला तरी ६ ते १० टक्के वीज जादा लागते.

पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर ३० अंशांच्या हवेत एका घनमीटरमागे २४-२५ ग्रॅम पाणी सहज असते. तासाला २० घनमीटर हवा घेणारा कॉम्प्रेसर जवळजवळ अर्धा लिटर पाणी आत ओढतो. त्याचा बराच भाग टाकीत जमतो आणि पुढे स्प्रेगनमधून गाडीच्या रंगावर फोड बनून दिसतो. रंगाला दोष देण्यापूर्वी टाकीखालचा नळ रोज उघडून पाणी काढावे.

सायझिंगचा बॉयलर

बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने बॉयलरच्या नळ्यांवर थर बसतो. १ मिलिमीटर थराने जळण ५ ते ८ टक्के जास्त लागते. बॉयलरमध्ये जाणारे पाणी दर ६ अंशांनी अधिक गरम केले की १ टक्का जळण वाचते. सिलिंडरमधून निघणारे वाफेचे गरम पाणी गटारात न सोडता टाकीत परत घेतले आणि पाणी ३० वरून ६० अंशांवर आले, तर ५ टक्के जळण वाचले. धुराड्यातील धूर दर २२ अंशांनी थंड करता आला तर आणखी १ टक्का.

आधी वही, मग खरेदी

नवे यंत्र घेण्यापूर्वी प्रत्येक कारखानदाराने पंधरा दिवस एक साधी वही ठेवावी. त्यात पुढील नोंदी असाव्यात.

१. सकाळी, दुपारी व रात्री तिन्ही फेजचे व्होल्टेज, मीटरपाशी आणि शेवटच्या मोटारीपाशी.
२. टाँगटेस्टरने मोजलेला करंट आणि पाटीवरचा करंट.
३. शेडमधील तापमान व आर्द्रता.
४. दर मागावर तासाला किती धागे तुटले.
५. रोजचे युनिट आणि रोजचे मीटर.

पंधरा दिवसांनी वही उघडली की दोष यंत्राचा, तारेचा, हवेचा की माणसाचा, हे आपोआप दिसेल. व्होल्टेज बाहेरूनच कमी येत असेल तर हीच वही वीज कंपनीकडे तक्रार करताना पुराव्याच्या कामी येईल. एकट्याला टाँगटेस्टर व आर्द्रतामापक घेणे जड वाटत असेल तर गल्लीतील पाच-सहा कारखान्यांनी मिळून घ्यावे.

व्याजाचे ओझे घेऊन आणलेले मोठे यंत्रही त्याच उकाड्यात, त्याच तारेवर आणि त्याच धुळीत उभे राहणार आहे. म्हणून आधी जागा सुधारावी, मग यंत्राची किंमत विचारावी.