श्रेयांक हस्तांतरण : समज, गैरसमज आणि नियम

गेल्या पावसाळ्यात शेलार येथील माझ्या चिकित्सालयात एक गृहस्थ पत्नीच्या आमवातासाठी औषध नेण्यास आले होते. ते स्वतः यंत्रमाग कारखान्यात नोकरीस, तर कन्या विदर्भातील एका आयुर्वेद महाविद्यालयात बीएएमएसच्या द्वितीय सत्रात शिकते. आईचे दुखणे बळावल्यामुळे मुलीस ठाणे-मुंबई परिसरातील महाविद्यालयात आणावे, अशी त्यांची इच्छा. 'शैक्षणिक श्रेयांक बँकेत खाते उघडले की झालेले शिक्षण आपोआप नव्या महाविद्यालयात वर्ग होते,' असे एका मध्यस्थाने त्यांना सांगितले होते आणि या कामासाठी मोठी रक्कम आगाऊ मागितली होती. औषधाच्या पुड्या हातात घेऊन त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, पैसे भरू का?"

हा प्रश्न आज अनेक वैद्यांपुढे आणि औषधी दुकानदारांपुढे येत असणार. रुग्णांची मुले, आपले सहायक, दुकानातील औषधनिर्माते आणि आपली स्वतःची अपत्ये शिक्षण घेत असतात, आणि सल्ला मात्र आपल्याकडे मागितला जातो. यास्तव श्रेयांक हस्तांतरणाचे नियम थोडक्यात स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

श्रेयांक म्हणजे काय?

पूर्वी शिक्षणाचे मोजमाप वर्षांनी होत असे. श्रेयांक पद्धतीत ते अध्ययनाच्या तासांनी होते. एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार ३० तासांचे अध्ययन म्हणजे १ श्रेयांक, आणि १२०० तासांचे एक शैक्षणिक वर्ष म्हणजे ४० श्रेयांक. या ३० तासांत व्याख्यान, प्रात्यक्षिक, स्वाध्याय व मूल्यमापन या सर्वांचा समावेश होतो.

तथापि 'श्रेयांक' हा शब्द सर्वत्र एकाच मापाचा नाही. बी. फार्मसी अभ्यासक्रमात आठवड्यातील व्याख्यानाच्या एका तासास १ श्रेयांक मिळतो, प्रात्यक्षिकाच्या तासास मात्र अर्धा. बीएएमएसच्या २०२२ च्या विनियमांत प्रत्येक व्यावसायिक सत्रात तीन ऐच्छिक विषय ठेवले आहेत. प्रत्येक विषय ४५ तासांचा असून त्याचे नऊ-नऊ तासांचे पाच घटक आहेत, आणि एका घटकास १ श्रेयांक याप्रमाणे कमाल ५ श्रेयांक मिळतात. तेच ४५ तास राष्ट्रीय आराखड्याच्या मापाने दीड श्रेयांक भरतील. मागध मान आणि कालिंग मान यांतील भेद लक्षात न घेता पाठातील द्रव्ये मोजली तर योग बिघडतो, हे आपणांस सांगावयास नको. येथेही आकडा पाहण्यापूर्वी मान कोणते, ते पाहावे लागते.

शैक्षणिक श्रेयांक बँक

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये या बँकेसंबंधीचे विनियम अधिसूचित केले. विद्यार्थी डिजिलॉकरच्या माध्यमातून खाते उघडतो आणि संस्था त्याने मिळविलेले श्रेयांक त्यात जमा करते. विद्यार्थ्यास स्वतः श्रेयांक जमा करता येत नाहीत. जमा श्रेयांक कमाल सात वर्षे ग्राह्य धरले जातात, आणि पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मे श्रेयांक मिळविलेले असावेत, अशी तरतूद या विनियमांत आहे.

मुंबई विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयातील कला किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास ही व्यवस्था उपयुक्त आहे. एक वर्ष शिकून संसाराच्या अडचणीमुळे शिक्षण सुटले, तरी झालेले अध्ययन नोंदीत राहते व पुढे त्याच्या आधारे शिक्षण पुन्हा सुरू करता येते. परंतु बँकेचे काम नोंद ठेवण्यापुरते आहे. ते श्रेयांक स्वीकारून प्रवेश देणे हे नव्या संस्थेच्या हाती असते. खात्यात पैसे आहेत म्हणून दुसऱ्याची दुकानजागा आपल्या नावे होत नाही, तसेच हे आहे. शिवाय ज्या अभ्यासक्रमांचे नियमन वैधानिक आयोग किंवा परिषद करते, तेथे त्या आयोगाचा नियमच निर्णायक असतो.

बीएएमएसमधील स्थलांतर

महाराष्ट्रात १९९८ पूर्वी आयुर्वेद महाविद्यालये निरनिराळ्या विद्यापीठांशी संलग्न होती. वरळीचे पोदार मुंबई विद्यापीठाकडे, पुण्याचे टिळक आयुर्वेद महाविद्यालय पुणे विद्यापीठाकडे, तर नागपूरचे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय नागपूर विद्यापीठाकडे होते. त्यामुळे राज्यांतर्गत स्थलांतरातही विद्यापीठ बदलत असे. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर हळूहळू सर्वत्र एकच विद्यापीठ, एकच अभ्यासक्रम व एकच परीक्षा अशी स्थिती आली. मग आता महाविद्यालय बदलणे सोपे असले पाहिजे, असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही.

भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाच्या फेब्रुवारी २०२२ च्या विनियमांत पुढील अटी आहेत.

१) प्रथम व्यावसायिक परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतरच स्थलांतर करता येते.
२) अनुत्तीर्ण विद्यार्थ्याचे स्थलांतर होत नाही.
३) सत्राच्या मध्येच स्थलांतर होत नाही.
४) दोन्ही महाविद्यालयांची व विद्यापीठांची परस्पर संमती आवश्यक असते.
५) नव्या महाविद्यालयात जागा रिक्त असली पाहिजे.

पूर्वीच्या केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेच्या काळातही तत्त्व हेच होते. या अटींत श्रेयांकांचा उल्लेख कोठेही नाही, हे विशेष लक्षात घ्यावे. बीएएमएसमध्ये वर्ग होते ती विद्यार्थ्याची जागा. सुटे विषय अथवा सुटे तास वर्ग होत नाहीत. शरीररचना या ठिकाणी आणि द्रव्यगुण त्या ठिकाणी, अशी जोडणी करून ही पदवी मिळत नाही. रुग्णालयातील रुग्णसंख्या व शिक्षकसंख्या यांच्या प्रमाणात प्रत्येक महाविद्यालयाची प्रवेशक्षमता मंजूर होते. रिक्त जागेची अट त्यामुळेच आहे, आणि ती अडवणुकीसाठी आहे असे मानणे योग्य नाही.

त्या गृहस्थांना मी गुणपत्रिका आणावयास सांगितली. मुलीचा प्रथम सत्रातील क्रिया शारीर हा विषय राहिलेला होता. म्हणजे कोणत्याही संमतीचा विचार होण्यापूर्वीच अर्ज पहिल्या दोन अटींवर थांबला असता, आणि मध्यस्थास दिलेली रक्कम मात्र गेली असती.

पदविकेपासून पदवीकडे

ज्यांचा औषधविक्रीचा व्यवसाय आहे, त्यांच्यासाठी श्रेयांक हस्तांतरणाचे अधिक स्पष्ट उदाहरण त्यांच्याच दुकानात सापडेल. डी. फार्मसी उत्तीर्ण औषधनिर्मात्यास बी. फार्मसीच्या द्वितीय वर्षात, म्हणजे तिसऱ्या सत्रात, थेट प्रवेश घेता येतो. भारतीय औषधनिर्माण परिषदेच्या नियमांनुसार पदवीसाठी किमान २०८ श्रेयांक लागतात. पहिल्या दोन सत्रांचे कमाल ५९ श्रेयांक होतात. पदविकेच्या आधारे त्यांपैकी ५२ श्रेयांक वर्ग केले जातात. उरलेल्या ७ श्रेयांकांसाठी संवाद कौशल्य (३ श्रेयांक) आणि औषधनिर्माणशास्त्रातील संगणक उपयोजन (४ श्रेयांक) हे दोन पूरक विषय पूर्ण करावे लागतात.

या उदाहरणावरून खऱ्या हस्तांतरणाचे स्वरूप कळते. किती श्रेयांक ग्राह्य, किती अग्राह्य आणि उणीव कशी भरून काढावयाची, हे तिन्ही नियमातच लिहिलेले आहे. त्यात मध्यस्थास वाव नाही. आपल्या दुकानातील होतकरू पदविकाधारकास ही माहिती मालकाने आपण होऊन द्यावी. मात्र प्रवेश राज्याच्या केंद्रीय प्रक्रियेतूनच घ्यावा, हेही त्याच वेळी सांगावे.

सल्ला देताना

कोणी विचारणा केल्यास प्रथम तीन गोष्टी पाहाव्यात : अभ्यासक्रमाचे नियमन कोणाकडे आहे, आजवरचे सर्व विषय उत्तीर्ण आहेत काय, आणि नव्या ठिकाणी जागा रिक्त असल्याचे लेखी मिळते काय. यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी अथवा संदिग्ध असल्यास पैसे भरू देऊ नयेत.

गुणपत्रिका, उपस्थितीचा दाखला, अभ्यासक्रमाची प्रत आणि ऐच्छिक विषयांची प्रमाणपत्रे यांच्या साक्षांकित प्रती जवळ ठेवण्यास सांगावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नव्या महाविद्यालयाची व विद्यापीठाची लेखी मान्यता हाती येईपर्यंत जुन्या महाविद्यालयातील प्रवेश रद्द करू नये. एकदा जागा सोडली की ती परत मागण्याचा हक्क राहत नाही, आणि दोन्हीकडून विद्यार्थी बाहेर पडतो. अर्ज करण्यापूर्वी आयोगाची व विद्यापीठाची त्या वर्षाची परिपत्रके अवश्य पाहावीत.

मुलीने राहिलेला विषय आधी उत्तीर्ण व्हावा आणि तोवर आईच्या औषधोपचाराची काळजी आम्ही घेऊ, असे त्या गृहस्थांना सांगितले. ते त्यांना पटले. मध्यस्थाचे पैसे वाचले, आणि मुलगी अजून तिच्या जागेवर आहे. रोग्यास औषध देणे हे आपले कर्तव्य आहेच. परंतु आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्या कुटुंबाला चुकीच्या वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वी थांबविणे, हाही त्याच कर्तव्याचा भाग आहे.