‘दृष्टांतपाठा’चे अध्यापन आणि संकल्पना-नकाशा

अलीकडे वर्गाध्यापनात मनोनकाशाचा वापर वाढला आहे. मध्यभागी एक शब्द आणि त्यातून निघणाऱ्या शाखा-उपशाखा, हे त्याचे परिचित रूप. साहित्याच्या अध्यापनात हे साधन कितपत उपकारक ठरते, याचा निर्णय मात्र संहितेच्या आधारेच करावयास हवा. प्रस्तुत लेखात ‘दृष्टांतपाठा’च्या आधारे तो विचार करावयाचा आहे.

प्रथम एक भेद लक्षात घ्यावयास हवा. इंग्लंडमध्ये टोनी बुझान यांनी १९७४ पासून ‘माइंड मॅप’ लोकप्रिय केला. त्यात एका केंद्रातून शब्द किरणांप्रमाणे पसरतात व स्मरणास साहाय्य होते. तत्पूर्वी, १९७२ च्या सुमारास, अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या विज्ञानविषयक आकलनाचा अभ्यास करताना ‘संकल्पना-नकाशा’ विकसित केला. नवे ज्ञान पूर्वज्ञानाशी जोडले गेले तरच ते अर्थपूर्ण होते, हा डेव्हिड ऑसुबेल यांचा सिद्धांत त्यामागे आहे. येथे दोन संकल्पनांना जोडणाऱ्या रेषेवर त्यांचा संबंध शब्दांत लिहावा लागतो. साहित्याभ्यासात महत्त्व आहे ते या रेषेवरील शब्दांना.

केशोबासांनी सिद्ध केलेल्या ‘दृष्टांतपाठा’त ११४ दृष्टांत आहेत. प्रत्येकाची रचना तीन पदरी आहे : चक्रधरांचे सूत्र, त्यांनीच सांगितलेला दृष्टांत आणि केशोबासांचे दार्ष्टांतिक. विद्यार्थ्यांच्या लक्षात राहते ती बहुधा मधली गोष्ट. जात्यंध व हत्ती यांचा दृष्टांत घेऊ. ‘हत्ती’ मध्यभागी लिहून ‘पाय’, ‘कान’, ‘खांब’, ‘सूप’ अशा शाखा काढल्या, तर गोष्ट पाठ होते, प्रतिपादन निसटते. परंतु ‘पाय’ आणि ‘खांब’ यांना जोडणाऱ्या रेषेवर काय लिहावे, असे विचारताच प्रश्न उभा राहतो. ‘आहे’ लिहावे की ‘सारखा वाटतो’? जात्यंधाला झालेला स्पर्श खोटा नाही. अंशाला पूर्ण मानणे हा त्याचा प्रमाद आहे. पुढे हत्तीपासून परमेश्वराकडे रेषा नेताना साम्य कोठवर आहे, हे ठरवावे लागते. उत्तर न सापडल्यास ती रेषा कोरी राहते, आणि विद्यार्थी आपण होऊन दार्ष्टांतिकाकडे वळतो.

नाशिक परिसरातील वर्गांत घरी अहिराणी वा डांगी बोलणारे विद्यार्थी असतात. यादवकालीन गद्य त्यांना दुरून येते, हे खरे. परंतु संबंध ओळखण्याची क्षमता भाषेच्या अडसरामुळे नाहीशी होत नाही. प्रमाण मराठीत दीर्घ उत्तर लिहिण्यास बिचकणारा विद्यार्थीही रेषेवरील दोन शब्दांबद्दल हिरिरीने वाद घालू शकतो.

या साधनाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. छोट्या वाक्यांची लय, संवादातील सूर, सांगण्याचा क्रम यांतले काहीच नकाशात उतरत नाही. म्हणून आधी प्रकट वाचन, नंतर नकाशा आणि अखेरीस त्याच नकाशावरून सलग परिच्छेदलेखन, हा क्रम पाळावा. प्रत्येक रेषेसाठी संहितेतील आधार दाखविण्याचा आग्रह धरावा. ‘फ्रीमाइंड’, ‘सीमॅपटूल्स’ यांसारख्या विनामूल्य संगणकप्रणाली उपलब्ध असल्या, तरी कोरा कागद व पेन्सिल पुरेशी आहे. खोडता येणे महत्त्वाचे.

खरा धोका वेगळाच आहे. अध्यापकाने फळ्यावर तयार नकाशा काढला आणि वर्गाने तो उतरवून घेतला, तर तो गाइडाचाच नवा अवतार ठरतो. परीक्षेत पन्नास उत्तरपत्रिकांत एकच आकृती दिसेल. वाचन एकाचेही झालेले नसेल. नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला तर बहुतेक वेळा ग्रंथ व स्वतःची बुद्धी यांवरच विसंबावे लागते. त्याला आपले आकलन स्वतः तपासता यावे, यातच या साधनाचे सार्थक आहे. तेव्हा नकाशाचे मूल्यमापन करताना शाखा मोजू नयेत. विद्यार्थ्याने कोणती रेषा खोडली आणि का खोडली, हे विचारावे.