यमुनाबाई वाईकर: बसून रंगवलेली लावणी

लावणी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? नऊवारी, घुंगरू, शिट्ट्या आणि ढोलकीचा वाढत जाणारा वेग. आमच्या इंदिरानगरमध्येही गणेशोत्सव जवळ आला की मराठी घरांतल्या मुली मोबाइलवर सिनेमातलं एखादं गाणं लावून दिवाणखान्यात सराव सुरू करतात. छान नाचतात, तक्रार अजिबात नाही. फक्त त्यांना एक नाव ठाऊक असावं असं वाटतं. जागेवर बसून लावणी गाणाऱ्या यमुनाबाई वाईकर यांचं.

यमुनाबाईंचा जन्म ३१ डिसेंबर १९१५ चा, सातारा जिल्ह्यातल्या एका गरीब कोल्हाटी कुटुंबातला. आई गीताबाई रस्त्यावर गाऊन पोट भरायची आणि लहानगी यमुना तिच्यासोबत असायची. लावणीचा पहिला धडा तिला आईकडूनच मिळाला. सरावासाठी वेगळी खोली नव्हती की गुरुपौर्णिमेचा सोहळा नव्हता. गाणं चांगलं झालं तर भाकरी, नाहीतर पुढचं दार.

कोल्हाटी घरात मुलीचा जन्म म्हणजे कमावता हात, असा हिशेब असे. पायात चाळ बांधलेली मुलगी लग्न करत नसे. आईवडील, भाऊ, भावांची मुलं, सगळ्यांचं तिच्या कमाईवर चाले. घर तिच्यावर उभं आणि समाजात मान मात्र तिलाच नाही. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' हे १९९४ सालचं आत्मकथन तुम्ही वाचलं असेल, तर या व्यवस्थेत मुलाबाळांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. वाचलं नसेल तर जरूर मिळवा.

पुढे यमुनाबाईंनी हिरा आणि तारा यांच्यासह स्वतःची संगीत पार्टी उभी केली. मुंबईच्या थिएटरांत त्यांचं नाव झालं. जाणकार ऐकायला येऊ लागले, ते बैठकीच्या लावणीसाठी.

आता ही बैठकीची लावणी म्हणजे काय, ते जरा समजून घ्या. फडावरची लावणी उभ्याने, नाचून, मोठ्या गर्दीपुढे होते. बैठकीच्या लावणीत गाणारी समोर बसते. सोबत तबला किंवा ढोलकी, पेटी, पूर्वी सारंगीही असे. श्रोते मोजकेच आणि हातभर अंतरावर. एक ओळ ती पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी तिचा अर्थ बदलते. समजा ओळीत नुसता 'या' एवढाच शब्द आहे. तो पाहुण्याला म्हणता येतो, उशिरा आलेल्या नवऱ्याला म्हणता येतो, रुसून म्हणता येतो, टोमणा मारून म्हणता येतो, आणि 'येऊ नका' या अर्थानेही म्हणता येतो. हे सगळं भुवई, बोटं, पदराचं टोक आणि आवाजाचा एखादा हेलकावा एवढ्यातच दाखवायचं. यालाच अदा म्हणतात. (घरी आरशासमोर करून बघा. तिसऱ्या 'या'ला आपली सामग्री संपते!)

ही ताकद किती होती? दिल्लीत कथकचे बिरजू महाराज आणि यमुनाबाई यांची जुगलबंदी रंगली होती. एकीकडे दरबारी परंपरेचा वारस, दुसरीकडे रस्त्यावर गाऊन वाढलेली बाई, आणि रसिकांनी दोघांनाही तितकीच दाद दिली.

जगात असं आणखी कुठे असेल असं वाटत असेल, तर पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाकडे बघा. तिथे जेली नावाचा पिढीजात गायकांचा वर्ग आहे. वंशावळी, राजांच्या कथा, स्तुती हे सगळं त्यांच्या गळ्यात. पुरुष बहुतेक कोरा किंवा बालाफोन वाजवतात आणि गाण्यात बायकांचा दबदबा. जेलींवाचून लग्न-बारसं साजरं होत नाही, पण उच्चकुळी घरं परंपरेने त्यांच्याशी सोयरीक करत नाहीत. ओळखीचं वाटतंय ना? तिथल्या कांदिया कुयाते या नामवंत गायिकेला २००४ मध्ये पक्षाघात झाला. अनेक वर्षं ती गाऊ शकली नाही आणि २०१५ मध्ये नवा अल्बम घेऊन परतली. फरक एवढाच की जेली गायिकेला भर समारंभात, सगळ्यांदेखत नोटा आणि दागिने मिळतात आणि त्यात कुणाला संकोच वाटत नाही. आपल्याकडे दौलतजादा करणारा घरी जाऊन कुठे होतो ते सांगत नसे.

सिनेमाने लावणी घरोघरी पोहोचवली, पण बैठकीच्या लावणीचे श्रोते कमी झाले. यमुनाबाईंना १९७७ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि पद्मश्री मिळाली ती २०१२ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी. एवढा उशीर का, हा प्रश्न तुम्हालाही पडेल. १५ मे २०१८ रोजी, १०२ वर्षांच्या असताना, वाईत त्यांचं निधन झालं.

हे गाणं अजून पुरतं गेलेलं नाही. भूषण कोरगावकर यांनी संगीत बारीतल्या कलावतींवर 'संगीत बारी' हे पुस्तक लिहिलं आणि सावित्री मेधातुल यांच्या दिग्दर्शनाखाली त्याच नावाचा रंगमंचीय कार्यक्रमही झाला. त्यात शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या कलावती स्वतः अदा करतात. तुमच्या महाराष्ट्र मंडळाच्या पुढच्या बैठकीत कार्यक्रम ठरवताना हे नाव सुचवून बघा. आणि मुलींना नेणार असाल तर पुढच्या रांगेत बसवा. मागून भुवई दिसत नाही.