टोकाच्या गाठीचे मोल

शिडाच्या जहाजावर शिडाचा ताबा अखेर खलाशाच्या हातातील दोरावर असतो. हा दोर कप्पीतून ओवलेला असतो. हात निसटून दोराचे टोक कप्पीबाहेर गेले, तर शीड मोकाट फडफडू लागते. भर वादळात तो दोर पुन्हा ओवणे जिवावर बेतू शकते. म्हणून टोकाला जी गाठ मारतात, तिला 'स्टॉपर नॉट', म्हणजेच अटकाव गाठ, असे म्हणतात.

साधी गाठ मारणे सोपे. पण ती लहान असते आणि ताण पडताच निरगाठीसारखी आवळते. त्यामुळे खलाशी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दिसणारी गाठ पसंत करतात. ती किंचित मोठी असते व सहज सुटते. कप्पीचे भोक रुंद असेल, तर अमेरिकन चित्रकार क्लिफर्ड अ‍ॅशली यांच्या नावाची गाठ उपयोगी पडते. सुरगाठीच्या फासातून टोक ओवून फास आवळला की ती तीन पाकळ्यांची भरीव गाठ तयार होते. अ‍ॅशली यांचा गाठींवरील प्रचंड ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला.

याहून देखण्या गाठी दोराचे पेड उलगडून ते एकमेकांत गुंफून केल्या जातात. डोलकाठीला आधार देणारे दोर ताणण्यासाठी जी दोरी वापरत, तिच्या टोकाला 'मॅथ्यू वॉकर' गाठ असे. जहाजावर चढण्याच्या वाटेवरील हातदोरांच्या टोकांना 'मॅनरोप' गाठीचा गोंडा शोभे. हे सौंदर्य केवळ हौसेचे नव्हते. प्रत्येक पेड सारख्या ताणाने बसला, तरच गाठ सुडौल दिसते. एखादा पेड सैल राहिला, तर तो नजरेला लगेच खुपतो. देखणेपण हीच मजबुतीची पहिली परीक्षा होती.

मात्र गाठ कोठे मारू नये, हेही जाणत्याला ठाऊक असते. 'स्पिनेकर' या फुगीर शिडाच्या दोराला अनेक खलाशी मुद्दाम गाठ मारत नाहीत. वारा अनावर झाल्यास तो दोर पूर्ण सोडून देता यावा, हा त्यामागचा हेतू.

शिडांचा काळ सरला, तरी या गाठीची गरज सरलेली नाही. सह्याद्रीच्या कड्यावरून दोराने उतरताना दोर जमिनीपर्यंत पोहोचत नसेल आणि त्याचे टोक मोकळे असेल, तर उतरणारा थेट त्या टोकावरून खाली जाऊ शकतो. तेथे टोकाची घट्ट गाठच त्याला थोपवते. ती मारायला लागतात अवघे काही क्षण.