फाटक्या आवाजाची खरेदी

"आजोबा, शंभर वॉटचा ॲम्प्लिफायर घेऊ का?" असे नातवाने विचारले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे न्हाणीघरातला शंभर वॉटचा दिवा आला! मग कळले, प्रकरण गिटारचे आहे. चिरंजीव रॉक वाजवतात. दोन वर्षे साठवलेले पैसे हाती होते, पण त्याचे वडील म्हणाले, "खडकवासल्याला आपण शांततेसाठी राहायला आलो. खाली म्हाताऱ्या बाई राहतात. हा राक्षस घरात नको." पोराने तीन दिवस गिटारला हात लावला नाही. समेटाचे काम अर्थातच माझ्याकडे आले.

त्याने मला एक वाजवणे ऐकवले. मी फावल्या वेळी रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. लगेच म्हणालो, "अरे, याचा स्पीकर फाटलाय!"

"आजोबा, तोच तर आवाज हवाय!"

मला एकदम १२ जुलै १९६१ आठवला. पानशेत फुटले, पाठोपाठ हे आमचे खडकवासलाही फुटले आणि नारायण पेठेतल्या आमच्या घरात पाणी शिरले. व्हॉल्व्हचा रेडिओ वडिलांनी पुढे कसाबसा बोलता केला. पण स्पीकरचा कागद फाटला होता. बातम्या घोगऱ्या येत. आम्हाला त्याची लाज वाटे. आणि तीनच वर्षांनी, १९६४ साली, लंडनच्या 'द किंक्स' या वाद्यवृंदातल्या डेव्ह डेव्हिस नावाच्या पोराने आपल्या लहानशा ॲम्प्लिफायरचा स्पीकर ब्लेडने मुद्दाम फाडला आणि त्याच आवाजावर गाणे गाजवले!

आता स्पीकर फाडावा लागत नाही. व्हॉल्व्हला त्याच्या ताकदीबाहेर रेटले, की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि तो खरखरीत, भरदार आवाज निघतो. गोम इथेच आहे. शंभर वॉटचा ॲम्प घरात जेमतेम उघडता येतो. त्याचे व्हॉल्व्ह रेटले जातच नाहीत. शिवाय वॉट दहापट केले, तेव्हा कुठे आवाज कानाला दुप्पट वाटतो. म्हणजे पन्नास वॉटचा ॲम्प पाच वॉटच्या फक्त दुप्पट! मोठ्या कार्यक्रमात तर लहान ॲम्पपुढेही मायक्रोफोन ठेवतात.

पण पाच वॉटही खोलीत थोडे नव्हेत. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा. तेव्हा मी नातवाला तीन गोष्टी सांगितल्या: दुकानात आपलीच गिटार ने, घरी जेवढा आवाज ठेवशील, तेवढाच ठेवून पारख, आणि कानाला लावायच्या हेडफोनची सोय आहे का, ते पाहा.

पुण्यातल्या दुकानात दोन तास गेले. दुकानदार मोठ्या पेट्या दाखवीत होता. नातू लहानाशीच घुटमळत होता. शेवटी पाच वॉटचा, पण कळ दाबली की अर्ध्या वॉटवर येणारा व्हॉल्व्हचा ॲम्प घेतला. पैसेही उरले.

संध्याकाळी त्याने तो लावला. व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावे लागले, अगदी आमच्या रेडिओसारखे. मग अर्ध्या वॉटवर तो फाटका सूर निघाला. मी खाली जाऊन त्या बाईंना विचारले, "त्रास होतोय का हो?"

"कसला?" त्या म्हणाल्या.

वर आलो, तर त्याचे वडील दाराशी उभे राहून ऐकत होते. "जरा मोठा कर की रे," ते म्हणाले.