धावायचंय, पण चष्म्याचं काय करू?

हात वर करा पाहू, तुमच्यापैकी किती जणींना चष्मा आहे? शाळेत अर्धवेळ शिकवते ना, त्यामुळे ही सवय काही जात नाही. आता दुसरा प्रश्न. किती जणी पहाटे उठून चालायला, धावायला जातात? किंवा जायचं नुसतं मनात आहे? आमच्या साताऱ्यात 2012 सालापासून 21 किलोमीटरची डोंगरावरची शर्यत भरते. गावातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि परत यायचं. तिच्या तयारीसाठी पहाटे साडेपाचला घाटाच्या पायथ्याशी जमणाऱ्यांत हल्ली गृहिणी पुष्कळ दिसतात. डबे करून आलेल्या, आणि परत जाऊन पुन्हा डबे करणाऱ्या! त्यांतलीच मी एक. वय सदतीस, दोन्ही डोळ्यांना उणे पाचचा नंबर.

2023 सालच्या जुलैतला एक रविवार सांगते. घाटात धुकं आणि वरून भुरभुर पाऊस. चष्म्यावर बाहेरून थेंब, आतून वाफ, आणि घामानं तो दर दहा पावलांना नाकावरून घसरायचा. वैतागून मी तो काढला आणि हातात धरला. दोनच वळणं गेली असतील. रस्ता संपून कडेची चारी कुठं सुरू होते ते दिसलंच नाही. पाऊल आत गेलं आणि घोटा मुरगळला. पुढचे तीन आठवडे पायाला पट्टा बांधून ओट्याशी स्टुलावर बसून पोळ्या लाटल्या.

घरात मग चर्चा व्हायचीच. हे म्हणाले, "धावणं सोड, चालत जा." सासूबाईंचं म्हणणं वेगळं. "अगं, बुटांवर एवढे पैसे घालतेस, तर एकदाचं डोळ्यांचं ऑपरेशनच करून टाक. शेजारच्या सुनेनं केलं, दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाला उभी होती." मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू? चष्म्याचा राग माझ्या मनात जुना आहे. हे मला बघायला आले होते तेव्हा आईनं चष्मा काढून ठेवायला लावला होता. पोह्यांची पहिली बशी मी नवऱ्या मुलाला म्हणून दिली ती त्यांच्या मावसोबांना! लग्न जमलं ते जमलंच, पण चष्मा ही लपवण्याची गोष्ट आहे हे तेव्हापासून मनात बसलेलं.

म्हणून ऑपरेशन करायचंच असं ठरवून मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोन तास तपासलं आणि म्हणाले, "तुमच्या डोळ्यांना लेसर मी करणार नाही." डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो, तो म्हणजे कॉर्निया. त्याची जाडी साधारणपणे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त असते. लेसरनं नंबर घालवायचा म्हणजे त्याच पडद्याचा थोडा भाग झिजवून त्याला नवा आकार द्यायचा. जितका नंबर मोठा तितकं जास्त झिजवायचं. माझा पडदा मुळात पातळ आणि नंबर मोठा. जास्त खरवडलं तर उरलेला पडदा पुढे फुगून नजर कायमची बिघडू शकते. आपण जुन्या पातेल्याला घासून घासून भोक पाडतो ना, तसंच समजा. मी हिरमुसले. पण मग त्यांनीच विचारलं, "तुम्ही धावता कुठं, किती वेळ, पावसात की उन्हात?" तोवर हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. त्यानंतर मी दोन-तीनदा त्यांच्याकडे जाऊन, विचारून, वाचून जे समजून घेतलं ते तुम्हाला सांगते.

आधी चष्म्याचंच घेऊ, कारण तो घरात आहे. धावण्यासाठी काचेचं भिंग नको, पडलं तर फुटून डोळ्यात जायचं. पॉलिकार्बोनेटचं भिंग घ्या. ते हलकं असतं आणि सहसा फुटत नाही. फ्रेम वजनाला हलकी, नाकावर मऊ रबराच्या गाद्या, कानामागं घट्ट बसणाऱ्या काड्या. आणि मागून एक इलास्टिकचा पट्टा. दुकानात मिळतो तो, पण माझा सासूबाईंनी उरलेल्या इलास्टिकचा शिवलाय. दोन टोकांना काडी जाईल एवढे छोटे घर, बस्स! वाफ धरते ती का? आपला घाम आणि श्वास गरम, भिंग गार. चहाच्या कपावर ताटली ठेवली की तिला पाणी सुटतं, तोच प्रकार. म्हणून चष्मा गालाला आणि भुवईला चिकटलेला नको, मधून वारा खेळायला हवा. चढाला वेग कमी झाला की वाफ धरते, उताराला आपोआप जाते, हे तुमच्याही लक्षात येईल. निघण्यापूर्वी भिंगाला साबणाच्या पाण्याचा थेंब चोळून मऊ कापडानं पुसलं तर बराच फरक पडतो. मात्र भिंगावर खास थर दिलेला असेल तर दुकानदाराला आधी विचारा. पावसासाठी पुढे चोच असलेली टोपी घालायची. आणि घरी आल्यावर घामट चष्मा तसाच पदरानं पुसू नका हं. वाळलेल्या मिठानं भिंगावर चरे पडतात. आधी नळाखाली धरा, मग पुसा.

उन्हासाठी नंबरचा काळा चष्मा करता येतो. पण कानापर्यंत वळलेल्या फ्रेममध्ये मोठा नंबर बसवला तर कडेचं सगळं वाकडं दिसतं आणि रस्ता वर-खाली झाल्यासारखा वाटतो. मोठ्या नंबरवाल्यांनी वळण कमी असलेलीच फ्रेम घ्यावी, किंवा अशा फ्रेमसाठी नंबर बदलून देणारा चष्मेवाला शोधावा.

चष्मा लावून मोठ्या शर्यती जिंकता येत नाहीत असं कुणी म्हणालं तर त्याला फ्रान्सच्या लॉराँ फिन्याँचं नाव सांगा. टूर द फ्रान्स ही तीन आठवड्यांची सायकलची शर्यत त्यानं 1983 आणि 1984 अशी लागोपाठ दोनदा जिंकली, ती गोल चष्मा लावून. लोक त्याला 'प्रोफेसर' म्हणत. आमच्या घरात ही गोष्ट ऐकून सगळ्यांत जास्त खूश कोण झालं असेल, तर चौथीतली माझी मुलगी. तिला नुकताच दीडचा नंबर लागलाय.

आता कॉन्टॅक्ट लेन्स. वाफ नाही, घसरणं नाही, आणि कडेचं सगळं दिसतं. मागून येणारी मोटरसायकल मान थोडी वळवली तरी कळते, हा घाटात फार मोठा फायदा. धावण्यासाठी एकदा वापरून टाकून द्यायच्या मऊ लेन्स सगळ्यांत बऱ्या, असं डॉक्टर म्हणाले. सकाळी नवी जोडी घालायची, घरी आलं की काढून कचऱ्यात. रोज वापरायच्या म्हटलं तर खर्च बराच होतो, पण आठवड्यातून एकदाच्या लांब पल्ल्याला परवडतात. लेन्सचा नंबर चष्म्याच्या नंबरावरून आपल्या मनानं सांगू नका. चष्मा डोळ्यापासून लांब असतो आणि लेन्स डोळ्यालाच टेकलेली, म्हणून चारच्या वरच्या नंबरला दोन्हींत फरक पडतो.

पण लेन्सचं सोवळं फार कडक! इथं माझीच चूक कबूल करते. भावाच्या लग्नात महिनाभर वापरायच्या लेन्स घेतल्या होत्या. त्यांतली एक हातातून पडली. घाईत मी ती नळाखाली धुतली आणि घातली. दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक आणि पंधरा दिवस औषधाचे थेंब. माझं एवढ्यावर निभावलं म्हणायचं. नळाच्या, विहिरीच्या, टाकीच्या, तलावाच्या पाण्यात अकांथामीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. लेन्सच्या मागं तो अडकला तर कॉर्नियात शिरतो. उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि डोळा जाऊही शकतो. म्हणून लेन्सला पाणी लावायचंच नाही. ओले हात नाहीत, आंघोळ नाही, पोहणं तर नाहीच. आणि हात धुतले तरी बायकांचा आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे ठेच्याचा! मिरच्या कुटलेल्या हातांना पुढे कितीतरी वेळ तिखटाचा अंश असतो. दुखऱ्या गुडघ्याला चोळलेल्या मलमाचंही तसंच. शर्यतीच्या सकाळी लेन्स आधी घालायच्या, मलम नंतर लावायचं.

लेन्स घालून झोपू नका. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, त्याला लागणारा प्राणवायू बाहेरच्या हवेतून मिळतो. वर लेन्स आणि त्यावर मिटलेली पापणी म्हणजे त्याचा दम कोंडतो. सायकलवर 600 किलोमीटरची ब्रेव्हे करणाऱ्यांना 40 तासांची मुदत असते. त्यांतले काही जण रस्त्याकडेला डुलकी घेतात ती लेन्ससकटच. तसं करू नये. खिशात जुना चष्मा ठेवावाच. रात्री घालून झोपायची एक निराळी कडक लेन्स असते, ती रात्रभर कॉर्नियाला दाबून आकार देते आणि दिवसभर चष्म्याशिवाय दिसतं. पण तिची स्वच्छता फार काटेकोर ठेवावी लागते आणि मोठ्या नंबरला ती चालत नाही, म्हणून मी तिचा विचार सोडला.

आमच्या वन्सं मालवणला असतात आणि समुद्रात पोहण्याच्या स्पर्धांत उतरतात. त्यांनी सोपा मार्ग काढलाय. पोहण्याचे गॉगल नंबरसह तयार मिळतात, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकानं. सिलिंडरचा नंबर त्यांत सहसा नसतो, पण बोया कुठं आहे आणि होडी कुठं आहे एवढं दिसायला पुरतं. "पाण्यात मला पेपर थोडाच वाचायचाय!" असं त्या म्हणतात.

आता ऑपरेशनकडे परत येऊ, कारण तुमच्यापैकी पुष्कळ जणींना ते चालण्यासारखं असेल. लॅसिकमध्ये कॉर्नियाची पातळ चकती उचलून खाली लेसर मारतात आणि चकती परत बसवतात. पीआरकेमध्ये चकती नसते, वरूनच लेसर. दुखतं जास्त, नजर स्थिरावायला वेळ लागतो, पण धक्का लागून चकती हलण्याची भीती नाही. स्माइलमध्ये छोट्या छेदातून आतला पापुद्रा काढतात. आणि पातळ कॉर्नियावाल्यांसाठी डोळ्याच्या आत बसवायची लेन्स असते, ती महाग असते. कशालाही हात घालण्यापूर्वी नंबर किमान वर्षभर बदललेला नसावा. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना करू नये, कारण तेव्हा नंबर हलतो. मऊ लेन्स वापरत असाल तर तपासणीच्या आधी डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर मोजमाप चुकतं. ऑपरेशननंतर डोळे काही महिने कोरडे पडू शकतात, आणि वारा खात तीन-तीन तास धावणाऱ्याला ते चांगलंच जाणवतं. घाम डोळ्यात जाऊ न देणं, काही आठवडे पोहणं बंद, हेही आलंच.

शिवाय चाळिशी! तिला कोणतंही लेसर थांबवत नाही. आज मी चष्मा काढून सुईत दोरा ओवते, उणे नंबरवाल्यांना ती देणगीच असते. लांबचा नंबर घालवला तर चार-पाच वर्षांत मनगटावरच्या घड्याळातले आकडे वाचायला मला चष्मा लागेल. शेजारची सून सत्तावीस वर्षांची आहे, तिचं गणित वेगळं.

आणखी एक गोष्ट लांब पल्ल्यावाल्यांनी ऐकून ठेवावी. 1996 च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर जे मोठं संकट ओढवलं, त्यात बेक वेदर्स नावाचा अमेरिकन डॉक्टर होता. त्याच्या कॉर्नियावर जुन्या पद्धतीचं, चिरा देऊन करायचं ऑपरेशन झालेलं होतं. उंचावरच्या विरळ हवेत त्याची नजर इतकी गेली की तो वाटेतच थांबला. ते ऑपरेशन आता मागं पडलंय, आजच्या लेसरला तोच दोष लावू नये. पण अमेरिकेत शंभर-शंभर मैल धावणाऱ्यांची एक पाहणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. काहींची नजर धावता धावता धुक्यासारखी होते, दुखत नाही, आणि थांबल्यावर काही तासांत साफ होते, असं तीत आढळलं. ज्यांचं नंबराचं ऑपरेशन झालं होतं त्यांच्यात हे जास्त होतं. 21 किलोमीटरला एवढं होण्याची भीती नाही. पण कधी असं झालंच तर स्वतः स्कूटर चालवत घरी येऊ नका, कुणाला तरी बोलवा आणि डोळे दाखवून घ्या.

मी काय करते म्हणाल, तर रोज चष्मा आणि सासूबाईंचा पट्टा. मोठ्या पावसात टोपी. शर्यतीच्या दिवशी लेन्स, घरी आठ दिवस आधी एकदा घालून सराव केलेल्या, आणि कंबरेच्या पिशवीत प्लास्टिकच्या डबीत जुना चष्मा. 2024 साली घाट चढून उतरले तेव्हा हे शेवटच्या वळणावर उभे होते. लांबूनच दिसले. या वेळी मावसोबांशी गफलत झाली नाही!

परवा मुलगी आजीच्या मशीनजवळ चष्मा घेऊन उभी होती. शाळेच्या खो-खोत तिला घ्यायला तयार नव्हते, चष्मा पडेल म्हणून. सासूबाईंनी डोक्याचं माप घेतलं आणि म्हणाल्या, "हिला लाल इलास्टिक आणते, लांबून दिसेल असं."